अण्णाखड्डा

आमच्या आळीत कुणाकडे काय शिजलं, हे त्या घरच्या पुरुषांना पानावर बसल्यावर कळायचं. अण्णा पेंडशांना ते आधीच, पऱ्यावरच्या साकवावर, म्हणजे मोऱ्या जिथे जातात त्या ओढ्यावरच्या पुलावर, उभं राहून कळायचं. सकाळी दहाच्या सुमाराला अण्णा साकवाच्या मधोमध येऊन उभे राहत. तिथे आलं की बाकीची दुनिया उपरण्याने नाक झाकून घेई. अण्णा मात्र डोळे मिटून एक लांब श्वास घेत आणि गाभाऱ्यातून बाहेर आल्यासारखा चेहरा करून सांगत, "वकिलांकडे अळूचं फदफदं. बापटांनी परवाचं पिठलं ओतलंन, तेही आंबल्यावर. दामल्यांच्या सुनेने न्हाणं केलंन. आणि गोखल्यांकडे पुन्हा पाहुणे आहेत, साबण मुंबईचा आहे."

एकदा त्यांनी नुसत्या वासावरून सांगितलं, की जोश्यांची अंगठी मोरीतून वाहून गेली आहे. अंगठीला वास कसला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण दुपारी जोश्यांकडे रडारड सुरू झाली ती अंगठीवरूनच. मी तेव्हा बाजारातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि दादा वकिलांच्या मागच्या पडवीत बिऱ्हाड करून होतो. मला खोटं बोलायची सवय नाही. खरं आहे तेच मी जरा मोठ्या बाटलीतून देतो, इतकंच.

ही गोष्ट पंचवीस-सव्वीस सालापासून पुढल्या दहाएक वर्षांतली. आमची आळी म्हणजे वर काळाभोर कातळ, त्याच्या पायथ्याशी ओळीने तेरा घरं आणि घरांच्या पाठीमागून वाहणारा पऱ्या. बाजाराच्या रस्त्यावरचं शेण, माशांची खवलं, हलवायाच्या कढयांचं धुवण असं सगळं पहिल्या पावसात रस्त्यावरून लोळत याच पऱ्यात यायचं. पाऊस संपला की त्याच्या बारीक धारेत आमच्या तेरा मोऱ्यांची भर पडायची. आळीच्या टोकाला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी होती. ती उतरलं की तळवाडी. तिथे कुणब्यांची वीसेक घरं, पिण्याच्या पाण्याची एक बाव म्हणजे विहीर, आणि आमच्या घरांवरून गेलेला तोच पऱ्या. आम्ही जे विसरायचो ते तळवाडीला अंगावर घ्यावं लागायचं.

अण्णा सरकारी मोजणीदार. मंडणगडापासून खेडपर्यंतचे डोंगर साखळीने मोजून पेन्शनीत घरी आले होते. पत्नी आधीच गेलेली, मुलगा मुंबईला. उंची साडेपाच फूट, त्यातलं निम्मं नाक. मोजण्याची खोड हाडात मुरलेली. माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या ते दर खेपेला नव्याने मोजत, मध्ये एखादी चोरीला गेली असली तर! आणि त्यांचा एक प्रश्न होता. तो त्यांनी कलेक्टरपासून कासारापर्यंत सगळ्यांना विचारला असेल.

"गेलं म्हणजे कुठे गेलं?"

कुणी म्हणालं, चोर पळून गेला, की अण्णा, "गेला म्हणजे कुठे गेला?" मी एकदा म्हणालो, "अण्णा, माझी डोकेदुखी गेली." अण्णा गंभीरपणे म्हणाले, "गेली म्हणजे कुठे गेली? तुझ्या मालकाकडे नाही ना गेली? सकाळपासून त्याचा चेहरा बरा नाही." जगात कुठलीही वस्तू नाहीशी होत नाही, ती सरकते, आणि सरकते ती उताराकडे, हे त्यांचं तत्त्वज्ञान. "पाणी कुणाचं ऐकत नाही रे," ते म्हणत, "फक्त उतार तेवढा मानतं."

हे तत्त्वज्ञान मोरीपर्यंत पोचलं ते भागीमुळे. भागी तळवाडीची. अण्णांच्या घरची भांडी, अंगण, सारवण सगळं तिच्याकडे. आळीतल्या तेरा घरांत अण्णांना भीत नसलेलं एकच माणूस होतं, आणि ते आळीतलं नव्हतं. एके सकाळी अण्णा संध्येला बसले असताना तिने पितळेचा तांब्या आणून पळी-पंचपात्राशेजारी ठेवला.

"हे काय?" अण्णा.

"पऱ्याचा पानी. आज ह्या पान्यान् करा तुमची संध्या."

अण्णांनी तांब्यावर नाक नेलं आणि मागे घेतलं. "अगो, वेड लागलं काय तुला? हे मोरीचं पाणी!"

"आमची पोरां ह्याच पान्यात न्हातत आण्णानू. सगल्यांच्या अंगार खरूज हाय. तुमचा देव येक दिस न्हाला तर काय झाला?"

त्या दिवशी अण्णांची संध्या अर्धी राहिली. नंतर ते म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनीची हद्द मोजली. माझ्या मोरीची हद्द कुठपर्यंत जाते, ते आज समजलं."

मग ते घरोघर फिरले. तेराही घरांनी एकच उत्तर दिलं. आमच्या मोरीचं पाणी परसातच जिरतं हो, पऱ्यात जातं ते दुसऱ्यांचं. दादा वकिलांनी तर झोपाळ्यावरून न उठता पुरावा मागितला. दादा म्हणजे वजनदार माणूस. झोपाळा त्यांच्यामुळे हलत नसे, त्यांच्या परवानगीने हलत असे.

तेव्हा शिमगा नुकताच होऊन गेला होता. बाजारातल्या रंगाऱ्याकडे जर्मन रंगाच्या पुड्या उरल्या होत्या. अण्णांनी निळा घेतला आणि लाल घेतला. मला बरोबर घेतलं ते साक्षीदार म्हणून. "आधी आपली मोरी," असं म्हणत त्यांनी निळा रंग स्वतःच्या मोरीत ओतला. लाल ओतला तो दादांच्या. कोणी आणि कसा ओतला, हे मी सांगणार नाही; मी त्या घरात भाडेकरू होतो एवढं सांगतो. मग सगळ्या आळीला हाका घालून साकवावर उभं केलं.

पाणी आलं. अण्णांच्या परसातून निळं, दादांच्या परसातून लाल. साकवाखाली दोन्ही रंग एकमेकांना भेटले आणि खाली तळवाडीपर्यंत जांभळी पैठणी पसरल्यागत दिसू लागलं. पऱ्यातले बगळे पाय उचलून उचलून स्वतःकडे बघू लागले. तळवाडीची एक म्हैस त्यात लोळून घरी गेली ती जांभळी होऊन, आणि तीन दिवस जांभळं दूध देत होती. ते मी स्वतः प्यायलो आहे.

"वकीलसाहेब," अण्णा साकवावरून म्हणाले, "तुमचं नि माझं मिळून हे झालंय. आता वाटणीचा दावा कसा लावता बघू."

सगळे हसले. दादाही हसले. हसण्यासाठी त्यांना जांभई द्यावी तसं तोंड उघडावं लागे. म्हणाले, "हरलो. पण शिंच्या, पाणी घरात साठवू काय? जाऊ कुठे देऊ ते सांग."

अण्णांकडे उत्तर तयार होतं. परसात पुरुषभर खोल खड्डा खणायचा, त्यात दगडगोटे भरायचे, वर वाळू, वर फरशी. मोरी त्यात सोडायची. पाणी जमिनीत जिरेल. "माती म्हणजे देवाने घातलेली गाळणी आहे," ते सांगत, "जमिनीत गेलं की पाणी पुन्हा कोवळं होतं." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा सांगितलं, की आळीतल्या बायका भात वेळून पेज गाळतानाही ते म्हणू लागल्या.

पहिला खड्डा अर्थात अण्णांच्याच परसात झाला. वरची हातभर माती गेली की खाली जांभा. खणणारे तळवाडीचेच होते. खड्डा झाल्यावर अण्णांनी त्याची परीक्षा घेतली. विहिरीचं चाळीस कळशा पाणी त्यात ओतवलं. आम्ही फरशीभोवती बसून बघत होतो. पानाचा विडा लागेपर्यंत खड्डा कोरडा. गटागट प्यायला, ढेकरही दिली नाही.

अण्णांच्या आनंदाला पारावार नव्हता. "बघा, कसा शोषतोय! अगस्ती आहे अगस्ती!"

भागी कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "आण्णानू, येवढा पितो, तर जातो कुठं?"

"जमिनीत जातो."

"जमिनीत म्हंजे कुठं?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न त्यांचा होता. जन्मभर त्यांनी तो जगाला विचारला होता आणि आज पहिल्यांदा जगाने तो त्यांना विचारला. पण त्या दिवशी ते जिंकलेले होते. "जमिनीत म्हणजे जमिनीत गो!" ते म्हणाले, आणि आम्ही सगळे भागीला हसलो. मी सगळ्यात मोठ्याने.

वर्षभरात तेराही घरी खड्डे झाले. लोक त्यांना अण्णाखड्डा म्हणू लागले. सोयरीक जमवताना 'घरी आंब्याची तीस झाडं, पोफळीची बाग, अण्णाखड्डा' असं सांगायची पद्धत पडली. पऱ्या स्वच्छ झाला. इतका, की त्यातल्या खड्यांना आपापली तोंडं दिसू लागली. तळवाडीची पोरं त्यात डुंबू लागली, खरूज गेली. गणपतीत दादांच्या ओसरीवर अण्णांना नारळ आणि उपरणं देण्यात आलं. अण्णांनी उपरणं घडी न मोडता पेटीत ठेवलं आणि साकवावर जाणं बंद केलं. "आता तिथे वाचण्यासारखं काही राहिलं नाही," म्हणाले.

पुढल्या श्रावणात तळवाडी आजारी पडली.

दवाखान्यात आधी दोन पोरं आली, मग पाच, मग म्हातारी माणसं. पोटात कळ, हगवण, ताप. डॉक्टर औषध लिहून देत, मी बाटल्या भरी, बाहेर कागदाच्या खुणा चिकटवी आणि प्रत्येकाला बजावून सांगे, "एक चमचा औषध, दोन चमचे पाणी, दिवसातून तीनदा." आपण काय सांगतोय हे मला ठाऊक नव्हतं. कुठलं पाणी ते घालत होते, हे मी विचारलं नव्हतं. भागीची नात सुंदरी अशीच माझ्या औषधावर आणि माझ्या दोन चमचे पाण्यावर तीन आठवडे झुरली. ती वाचली, पण डोक्यावरचे केस गेले. दुसऱ्या दोन घरांतली पोरं वाचली नाहीत. इथे मी बाटली मोठी करत नाही. दोनच.

सुंदरी उठून बसली त्या दिवशी भागी अण्णांकडे आली. भांडी घासली नाहीत. दारातच उभी राहिली.

"आमच्या बावीच्या पान्याला वास येतो."

"कसला?"

"ता तुमी सांगा. नाक तुमचा."

अण्णा पाखाडी उतरून गेले. मी मागे होतो. तळवाडीच्या बावीवर बायका बाजूला झाल्या. अण्णांनी स्वतः रहाट ओढला, घागर काठावर टेकवली, ओंजळ भरली आणि नाकाशी नेली. मी त्या नाकाच्या अनेक करामती पाहिल्या होत्या. हसू, तिरस्कार, कौतुक सगळं त्या नाकावर उमटायचं. त्या दिवशी काहीच उमटलं नाही. अण्णांनी ओंजळ तशीच धरून ठेवली, पाणी मनगटावरून धोतरात गळून संपलं तरी.

"अण्णा, काय?"

"वाळा," ते म्हणाले.

अण्णांच्या आंघोळीच्या घंगाळात वाळ्याची जुडी असे. आळीत दुसऱ्या कुणालाही ती हौस नव्हती. अंगावरून उतरलेलं पाणी त्यांनी स्वतः मोजून खणवलेल्या खड्ड्यात जाई. ते जमिनीत जिरत होतं. आणि इथे, दोनशे पायऱ्या खाली, भागीच्या घागरीत वर येत होतं.

तरी अण्णा मोजणीदार. वासावर निकाल द्यायचा नाही. दुसऱ्या सकाळी त्यांनी उरलेली निळ्या रंगाची पुडी काढली आणि 'आधी आपली मोरी' असं न म्हणता स्वतःच्या खड्ड्यात ओतली. तळवाडीला आधीच सांगून ठेवलं होतं की बाव बंद, पाणी अण्णांच्या विहिरीवरून न्या. चौथ्या दिवशी बाव निळी झाली. हलकीशी, नीळ दिलेल्या धोतरासारखी. तळवाडीतल्या एका म्हाताऱ्याने, ज्याने आयुष्यभर बावी खणल्या होत्या, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "कातलाच्या पोटात वाटा असतत आण्णानू. मुंग्यांच्या वारुलासारख्या. आमाला ठावं होता."

"मग बोलला का नाहीस?"

"इच्यारला कोनी?"

त्या संध्याकाळी अण्णांनी दादांच्या ओसरीवर सगळी आळी गोळा केली. उभे राहून सांगितलं, खड्डे बुजवायला हवेत. आपलं पाणी गाळून निघत नाही. जांभ्याच्या भोकांतून जसंच्या तसं खाली जातंय. मी उतार मोजला, जमिनीची लांबी-रुंदी मोजली, पोट मोजलं नाही. चूक माझी.

झोपाळा थांबला. दादा म्हणाले, "अण्णा, जमिनीत गेलं की पाणी कोवळं होतं. हे कोण म्हणालं होतं?"

"मी."

"माती म्हणजे गाळणी. हे?"

"मीच."

"आम्ही विश्वास ठेवला. पोरासोरांनी पाठ केलं. आता म्हणता उलट. उद्या पुन्हा उलट म्हणाल, तेव्हा आम्ही काय करायचं?"

"तीन दिवस रंग धरून बसलात, चौथ्या दिवशी बाव निळी झाली म्हणे," बापट म्हणाले. "तळवाडीत कुणी नीळ सांडली नसेल कशावरून?"

"बरं, बुजवले खड्डे," दादा पुढे झुकले. सूर मऊ केला; ते मऊ बोलले की समोरच्याचा दावा निकालात निघालाच म्हणायचा. "पाणी पऱ्यात सोडायचं? मग पुन्हा खरूज, पुन्हा तुम्ही साकवावर. खड्ड्यात नको, पऱ्यात नको. वर कातळ, खाली तळवाडी. शिंचं पाणी डोक्यावर घेऊन बसू काय?"

अण्णा म्हणाले, "हो."

लोक हसले. जांभळ्या पाण्याच्या दिवशी हसले होते तसेच. पण मी अण्णांच्या शेजारी होतो. ते विनोद करत नव्हते. माणूस चारी बाजूंना हात लावून बघतो आणि चारी बाजूंना भिंत लागते, तसा त्यांचा चेहरा झाला होता. आणि प्रत्येक भिंत त्यांनी स्वतःच बांधलेली. निघताना दादांनी त्यांना बाजूला घेतलं. "एक ऐक माझं. आळीत बोललास ते आळीत राहू दे. तळवाडीला कशाला सांगतोस? निळ्या रंगाचं काहीही सांगता येईल. तुझं नाव आहे अण्णा. खड्ड्याला तुझं नाव आहे."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते तळवाडीत गेले आणि बावीच्या कठड्याशी उभं राहून सगळं सांगितलं. गणपतीतलं उपरणं बरोबर नेलं होतं. का नेलं, कळलं नाही. देणार होते की काय कुणाला! कुणी घेतलं नाही. ज्यांची पोरं गेली होती त्यांतला एक बाप उठून घरात गेला आणि दार लावून घेतलं. शेवटी भागी बोलली.

"सांगितलाव ता बरा केलाव. आता पियाचा काय, ता बी सांगा."

"माझी विहीर आहेच. वरच्या अंगाला आहे, तिला खड्ड्याचं पाणी लागत नाही. कुणीही या."

"येऊ," भागी म्हणाली. "पन आण्णानू, रोज दोनशे पायऱ्या चढून नि भरल्या कळशेन् उतरून बगा येकदा. दमल्यार मान्साला कुठलाबी पानी गोड लागता."

तसंच झालं. सकाळी बायका पाखाडी चढून अण्णांच्या विहिरीवर येत. आळीने नाकं मुरडली. सोवळ्याओवळ्याच्या कुजबुजी झाल्या, अण्णांकडे सत्यनारायणाला कुणी फिरकेना. आणि पावसात, पायऱ्यांना शेवाळ आलं की, किंवा घरात एकटीच बाळंतीण असली की, तळवाडी पुन्हा त्याच बावीत घागर सोडी. दर श्रावणात माझ्याकडे बाटल्या घेऊन लोक येत. मी आता सांगत होतो, पाणी उकळून घ्या. लाकूडफाटा ओला असे. ते मान हलवत आणि जात. गेले म्हणजे कुठे गेले, ते मला ठाऊक असे.

अण्णांनी स्वतःचा खड्डा त्याच आठवड्यात मातीने बुजवून टाकला. मोरीचं तोंड चुन्याने लिंपलं. आता घरात पाणी सांडायला जागाच नाही. परसाच्या एका कडेला, जिथे माती खोल होती, तिथे एकवीस माड होते. अण्णांनी प्रत्येक बुंध्यावर डांबराने नंबर घातला. रॉकेलचे दोन डबे कावडीला बांधले. घरातलं धुण्याचं, भांड्यांचं, आंघोळीचं सगळं पाणी त्यांत साठवायचं आणि रोज एका माडाच्या आळ्यात ओतायचं. एका माडाला दिलं की पुन्हा एकवीस दिवसांनी. "थोडं थोडं दिलं तर मुळं पितात," ते म्हणाले. नंतर मलाच म्हणाले, "असं मला वाटतं. मागेही वाटलं होतं."

त्या कावडीने त्यांना जे धरलं ते सोडलं नाही. साठी ओलांडलेला माणूस, रोज आपलंच धुवण खांद्यावर घेऊन आपल्याच परसात फिरतोय. हळूहळू डबे भरू नयेत म्हणून ते पाणी वापरणंच कमी करू लागले. वाळ्याची जुडी गेली. घंगाळ गेलं, बादली आली. बादली गेली, दोन तांबे राहिले. चूळ भरायची तर आधी डब्याकडे बघत. कुणी पाहुणा हात धुवायला उठला की अण्णा त्याच्या हाताखाली भांडं घेऊन धावत. लग्नात मानपान करतात तसं. मुलाने मुंबईला बोलावलं, तर गेले आणि आठव्या दिवशी परतीच्या बोटीने रत्नागिरीच्या बंदरावर उतरले. "तिथे नळ आहेत," म्हणाले. "सोडलं की जातं. कुठे जातं, चाळीत एकालाही सांगता येईना. माझ्याने आंघोळ होईना रे."

मी एकदा चिडून म्हणालो, "अण्णा, तुमचा एक खड्डा बंद झाला. बारा चालू आहेत. तुमच्या दोन तांब्यांनी काय फरक पडणार?"

कावड खांद्यावरून न उतरवता ते म्हणाले, "बारा आहेत ते माझ्या सांगण्यावरूनच आहेत. ते बंद करणं माझ्या हातात राहिलेलं नाही. तेराव्याचं तेवढं आहे." आणि डांबराचा नंबर बघत पुढच्या माडाकडे गेले.

शेवटच्या दुखण्यात मी रोज औषध घेऊन जाई. थंडीचे दिवस. मुलगा चार दिवस आधी बोटीने आला होता. अण्णांचं शरीर आटलं होतं, नाक मात्र पूर्वीएवढंच होतं, त्यामुळे पलंगावर नाकच आजारी पडलंय असं वाटे. एका दुपारी त्यांनी मला खूण करून कान जवळ आणायला लावला.

"मला शेवटची आंघोळ घालाल."

"अण्णा, काहीतरी काय..."

"घालाल. अंगणात घालाल. ते पाणी वाहू देऊ नका. खाली पाट ठेवा, घंगाळात धरा." श्वास घ्यायला थांबले. "आणि पाळी चुकवू नका."

दोन दिवसांनी सकाळी ते गेले. आळी जमली, दादाही काठी टेकीत आले. अंगणात आंघोळ झाली. मी पाटाखाली घंगाळ धरलं होतं. भटजींना ते आवडलं नाही, पण मुलाने मान हलवली. घंगाळ भरलं तसं मी ते उचललं आणि परसात येऊन उभा राहिलो. एकवीस माड. कितवा, हे विचारायचं राहून गेलं होतं.

विहिरीजवळून आवाज आला. "सातव्याची पाळी हाय." भागी पदर तोंडाला लावून उभी होती. "काल सहाव्याला मीच घातला."

मी सातव्या माडाला पाणी घातलं. मुळांनी प्यायलं की नाही, सांगता येत नाही. मातीवर थोडा वेळ चमकलं आणि दिसेनासं झालं.

स्मशानातून परतलो तेव्हा ऊन चढलं होतं. सगळी आळी अण्णांना पोचवून आली होती, म्हणून सगळी आळी न्हाणीघरात शिरली. बारा घरांत एकदम तांबे खणखणू लागले. डोक्यावरून पाणी, अंगावरून पाणी, धोतरं-लुगडी भिजवून पिळण्याचे आवाज. अण्णांच्या नावाने अण्णांनीच खणवलेल्या बारा खड्ड्यांत पाणी धो-धो उतरत होतं. दादांच्या परसातल्या फरशीला मी कान लावला नाही. लावायची गरज नव्हती. उभ्या उभ्या पायांना कळत होतं. माझी बादली भरलेली होती, तांब्या बुडवून हातात घेतलेला होता, आणि माझ्या पायाखालून मोरीचा उतार सुरू होत होता.

मी तांब्या परत बादलीत टाकला, बादली उचलली आणि नुसत्या पंच्यानिशी आळीतून अण्णांच्या परसात गेलो. ओट्यावरच्या बायका बघतच राहिल्या. आठव्या माडाच्या आळ्यात उकिडवा बसलो आणि तिथे आंघोळ केली.

भागी विहिरीवर तळवाडीची कळशी भरत होती. "आठव्याची पाळी उद्या हाय," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

तिने कळशी डोक्यावर चढवली, चुंबळ नीट केली आणि पाखाडीकडे वळताना मागे न बघता म्हणाली,

"मंग उद्या नवव्यार या."